हळद लागलेलं जहाज

माझ्या माहेरी, तुळजापुरात, खंडेनवमीला पाटावर काय काय मांडायचं यावरून दरवर्षी थोडी थट्टा होतेच. विळी असते, कात्री असते, सुधादादाची पान्यांची पेटी असते, त्याच्या सुनेचा लॅपटॉप असतो, आणि धाराशिवाहून मी आले की माझा चष्माही त्यात जातो, कारण निवृत्त शिक्षिकेकडं दुसरं हत्यार उरलेलं नाही. या सगळ्याच्या मधोमध, काचेच्या दोन तुकड्यांत बसवलेलं एक पोस्टाचं तिकीट असतं. परदेशी आहे. त्यावर निळं पाणी, काळ्या बुडाचं आणि पांढऱ्या माडीचं एक जहाज, आणि जहाजावर एक उंच धुराडं. धुराडं मुळात लाल होतं, पण आईच्या अंगठ्याची हळद त्यावर अशी बसली की आता ते नारिंगी दिसतं. यंदा दादाच्या नातीनं विचारलं, "आजी, हे आपलं जहाज आहे का?" मी उत्तर देणार तेवढ्यात खाटेवर बसलेली आई बोलली, "मग कुणाचं? लोकाच्या जहाजाला हळद कोण लावतंय?" आई नव्वदीला टेकली आहे. कानांनी केव्हाच रजा घेतली, पण जहाज हा शब्द तिला बरोबर ऐकू येतो.

समुद्र आमच्यापासून इतका लांब की लहानपणी आम्ही तो फक्त कवडीत पाहिला. अण्णा, म्हणजे आमचे वडील, देवीचे पुजारी. पिढ्यान्‌पिढ्या ठरलेली यजमान घराणी दर्शनाला आली की आमच्याच घरी उतरायची. खालचं घर आमचं आणि माडी यजमानांची. सोलापूरच्या गाड्या स्टँडवर लागल्या की तासाभरात आमच्या ओसरीवर चपलांचा ढीग पडायचा, आणि आई पिठाच्या डब्यात हात घालून अंदाज घ्यायची. पहाटेचा चौघडा, दिवसभर "आई राजा उदो उदो", संबळ, पोरांचं रडणं आणि या सगळ्याखाली एक बारीक खर्रखर्र. हा शेवटचा आवाज आईचा. देवीचे भक्त गळ्यात कवड्यांची माळ घालतात, आणि आमच्या यजमानांच्या माळा आई स्वतः करायची. कवडीची पाठ दगडावर घासत राहायची की तिथं भोक पडतं, मग त्यातून दोरा घालायचा. जेवणं उरकली, भांडी झाली, की मागच्या दारी दगड घेऊन ती बसायची. मी तिच्या मांडीला टेकून कवडी कानाला लावायची आणि समुद्र ऐकू येतो म्हणून सांगायची. "ऐक ऐक," ती म्हणायची, "आन ऐकून झालं की घासाय घे."

जेवायला भाकरी, शेंगदाण्याची चटणी, आंबाड्याची भाजी, आणि यजमानांनी नैवेद्य केला असेल तर पुरणपोळी. माडीवर कोकणातली माणसं उतरली की मात्र घरात आमसुलांचा आंबट वास यायचा. हा वास सावंतकाकांचा. ते मालवणकडचे, उमेदीची वर्षं जहाजांवर काढून घरी बसलेले, आणि नवरात्राला आणि पौषात असे वर्षातून दोनदा दर्शनाला येणारे. मोठ्या आवाजाचा, पोट धरून हसणारा माणूस. त्यांच्या गोष्टीतली लाट दर खेपेला हातभर वाढायची. अण्णांचा त्यांच्यावर जीव होता आणि विश्वास बेताचाच होता.

आता दत्तूमामा. जळकोटचा. आईचा एकुलता एक, धाकटा भाऊ. आई-वडील लवकर गेल्यामुळं तो आमच्या घरीच वाढला, म्हणजे आईला तो भाऊ कमी आणि थोरला मुलगा जास्त. शेतीत त्याचं मन नव्हतं, पण चुलीपुढं बसलं की हाताला चव होती. यजमानांची पंगत तो एकटा काढायचा. एका नवरात्रात, नवमीच्या बळीनंतर, त्याच्या हातचं मटण खाऊन सावंतकाका म्हणाले, "पोरा, जहाजाच्या भटारखान्यात चल. माझा पुतण्या आहे तिथं, तुला चिकटवतो." जळकोटची सगळी भावकी उलटली. चुलते म्हणाले, बोरी नदीला पूर आला की पोरगं काठावर उभं राहत नाही आणि दर्यात निघालंय. आई एकटी म्हणाली, "जाऊ द्या त्याला. हितं ऱ्हाऊन काय, माझ्याच चुलीला फुंकर घालीत बसंल." तिच्या शब्दावर मामा गेला. हे लक्षात ठेवायला हवं, कारण पुढचं सगळं तिला का लागलं ते यात आहे. मामाला पाठवलं ते तिनं.

मामाची पत्रं यायची. चार ओळींची, सगळी एकसारखी. मी खुशाल आहे, तुमची खुशाली कळवा, इथं मासे फार, भाकरी नाही. पत्रापेक्षा आमचं लक्ष पाकिटावरच्या तिकिटांकडं. कधी राणी, कधी पोपट, कधी न ओळखता येणारं फळ. अशातच नवरात्राच्या आधी एक पाकीट आलं, आणि त्यावर हे जहाज. आईनं पाकीट हातात घेतलं आणि ती उभी होती तिथंच बसली. "हेच," ती म्हणाली, "हेच त्याचं जहाज."

सुधादादा तेव्हा मॅट्रिकला होता आणि शहाणपणाची त्याला नुकतीच लागण झालेली. तो म्हणाला, "आई, जगात लई जहाजं असत्यात. त्याचंच कशावरून?" आईनं त्याच्याकडं असं पाहिलं की जणू हा मुलगा तुळजापुरात वाढलाच नाही. "हितनं जाणारा माणूस फोटू कुणाचा न्हेतो रं? भवानीचाच न्हेतो का न्हाय? दुसऱ्या गावच्या देवाचा न्हेतो व्हय? तो ज्या जहाजावर हाय त्याचाच फोटू लावंल की." देवळाच्या वाटेवर दोन्ही बाजूंनी फोटोफ्रेमची दुकानं असलेल्या गावात हे बोलणं बिनतोड होतं. मलाही ते पटलं, आणि खरं सांगायचं तर आजही त्यात चूक कुठं आहे हे मला पटकन दाखवता येणार नाही.

आंबिलीच्या पातेल्यातून वाफ येत होती. तिच्यावर धरून आईनं ते तिकीट सुटं केलं आणि खंडेनवमीला पाटावर ठेवलं. ज्याचं त्याचं हत्यार, तसं दत्तूचं हत्यार म्हणून त्याचं जहाज. अण्णा पूजेला बसले आणि थबकले. "कागदाला हळद-कुंकू?" "फोटूला लावता नव्हं?" आई म्हणाली. अण्णांनी फूल वाहिलं. हळद मात्र आईनं स्वतः लावली, आणि अंगठा जरा जोरातच दाबला.

त्यानंतर पत्रं थांबली. दिवाळी गेली, तुळशीचं लग्न झालं. पोस्टमन गल्लीत शिरला की आई हातातलं पीठ न पुसता दारात यायची. तो लांबूनच मान हलवायचा. पुढं पुढं तो बिचारा आमची गल्ली शेवटी घ्यायला लागला. "समुद्रात टपालपेटी नसती," असं अण्णा म्हणायचे, पण तेही रोज स्टँडवर जाऊन शिळी वर्तमानपत्रं चाळून यायचे हे आम्हाला ठाऊक होतं.

मार्गशीर्षात दादानं शाळेतून भिंग आणलं. जहाजाचं नाव वाचून काढू आणि कंपनीला पत्र टाकू, असा त्याचा बेत. चांगलाच बेत होता. ओसरीवर उन्हात तिकीट धरून त्यानं नाव वाचलं, "लोरेटा." आई तिथंच कवड्या घासत होती. तिनं ते नाव दोन-तीनदा तोंडात घोळवलं. मग दादानं भिंग जरा खाली सरकवलं आणि त्याचा चेहरा उतरला. नावाखाली, मुंगीएवढ्या आकड्यांत, दोन सालं होती. एक जुनं. मधे रेघ. आणि रेघेपुढं चालू साल.

आमच्या ओसरीवर आजोबांचा फोटो आहे. त्याला हार असतो, आणि खाली पेंटरनं घालून दिलेली दोन सालं, मधे रेघ. गावातल्या सगळ्या घरांत असे फोटो. दोन सालं आणि मधे रेघ म्हणजे काय हे आमच्यात पोरालाही कळतं. दादानं मान वर करून आजोबांच्या फोटोकडं पाहिलं, आणि आईनं त्याला पाहताना पाहिलं.

"काय लिवलंय?"

"काय न्हाय, आई. साल हाय नुसतं."

"किती सालं हायती?"

दादाला खोटं बोलता आलं नाही. आईनं हातातली कवडी परडीत ठेवली. ती रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं असं मला तेव्हाही वाटलं. ती एवढंच म्हणाली, "मीच धाडला त्याला." मग उठून तिनं दगड भिंतीला उभा करून ठेवला, आणि त्या दिवसापासून आमच्या घरातली खर्रखर्र बंद झाली. एखादा आवाज थांबला की घर किती मोठं वाटतं.

अण्णांनी नाना परीनं समजावलं. जहाज बुडालं तर पेपरात येतं. सरकार कळवतं. बुडालेल्या जहाजाचं तिकीट कोण छापेल? "मेलेल्या माणसाचाच फोटू करत्यात," आई म्हणाली. मग अण्णांनी सावंतकाकांना पत्र टाकलं. आई स्वयंपाक करायची, यजमानांना वाढायची, त्यांच्या लेकरांना न्हाऊ घालायची, पण जेवायला बसली की भाकरीचा तुकडा नुसता मोडत राहायची. मी तिच्या ताटात चटणी वाढायची. मला दुसरं काही सुचत नव्हतं. मामा बुडाला हे मला मनातून खरं वाटत नव्हतं, पण आई आमच्यापासून दूर दूर चालली आहे हे मात्र दिसत होतं, आणि त्याची मला भयंकर भीती वाटायची.

पौषातलं शाकंभरी नवरात्र आलं. एका सकाळी दारात सावंतकाका उभे. खांद्यावर पिशवी, एकटेच. हाक नाही, हसू नाही, प्रवासानं चेहरा ओढलेला. आता आमच्याकडची एक रीत सांगते. मयताचा सांगावा घेऊन आलेला माणूस त्या घरचं पाणी पीत नाही. उंबऱ्याबाहेर उभा राहतो, सांगतो आणि वळतो. म्हणून अवेळी किंवा उतरल्या चेहऱ्यानं कुणी आलं की बायका आधी पाणी पुढं करतात आणि हाताकडं बघतात. घेतलं की जीव भांड्यात पडतो. आईनं तांब्या भरला. तो घेऊन ती दारापर्यंत कशी गेली कोण जाणे. तिनं तांब्या पुढं केला, आणि सावंतकाकांनी हात आडवा धरला.

"नको वहिनी. पाणी नको."

तांब्या खाली पडला. आई उंबऱ्यावर बसली आणि तिच्या तोंडून जो आवाज निघाला तो मी पुन्हा कधी ऐकला नाही, ऐकायचा नाही. माडीवरची माणसं धावत खाली आली. अण्णा देवळातून आले. सावंतकाका पाण्यात भिजलेल्या धोतरासह थिजून उभे होते. "अहो, झालं काय? देवीचं दर्शन घेतल्याशिवाय पाणी पिणार नाही असं बोललोय मी यंदा! बायकोच्या दुखण्याला नवस केला होता. पाणी नको म्हटलं तर एवढं काय झालं?"

अण्णांनी त्यांचा दंड धरला. "दत्तू?"

"दत्तूला काय धाड भरलीय? परवाच तिकडून परतलेल्या एका खलाशाच्या तोंडी पुतण्याचा निरोप आला. यंत्र मोडून त्यांचं जहाज कुठल्याशा बंदरात नांगरून पडलंय, आणि तिथल्या टपालवाल्यांचा संप. दोघंही खाऊन खाऊन फुगलेत म्हणे." अण्णांचं पत्र त्यांना मिळालंच नव्हतं. ते पोचायच्या आधीच काका घर सोडून आपल्या मुलीच्या गावी गेले होते आणि तिथूनच इकडं आले होते.

आईनं पदरानं तोंड पुसलं आणि पहिलं वाक्य बोलली ते असं, "आधी दर्शन घेऊन या. आन मग माझ्यासमोर तांब्याभर पाणी प्या." त्यांनी तसंच केलं. ओसरीवर बसून, आईच्या नजरेसमोर, त्यांनी अख्खा तांब्या रिकामा केला. पोट डब्ब झालं तरी थांबले नाहीत. मग आई हसली. त्या हसण्यासाठी मी काकांच्या सगळ्या लाटा खऱ्या मानायला तयार होते.

जेवण झाल्यावर तिकीट त्यांच्या हातात दिलं. भिंग लावून पाहिल्याबरोबर ते ओरडले, "अरे, ही लोरेटा! हिला कोण ओळखत नाही? पन्नास वर्षं झाली हिला, म्हणून मान दिलाय. वाढदिवस आहे हा, वेड्यांनो, वाढदिवस!" दोन सालांमध्ये रेघ ओढून जिवंताचा वाढदिवस करतात हे आमच्या घराला नवीनच होतं. दादा आजोबांच्या फोटोकडं आणि तिकिटाकडं आळीपाळीनं बघत राहिला. मग काकांनी त्या जहाजाची कहाणी सांगितली. एका लहानशा बेटांच्या देशाची ही टपालबोट. या बेटावरून त्या बेटावर माणसं न्यायची, बकऱ्या न्यायची, बाळंतिणी न्यायची. जत्रा असली की यात्रेकरू न्यायची. मोठी लढाई लागली तेव्हा तिला पांढरा रंग देऊन दवाखाना केला. लढाईतून सुखरूप परतली आणि घरच्याच बंदरात, धुक्यात, खडकावर आदळून बुडाली.

"बुडाली?" आई पुढं सरकली.

"बुडाली. पार धुराड्यापर्यंत. आणि मग वर काढली! दोन वर्षं पाण्याखाली होती, तरी वर काढली, धुतली, डागडुजी केली. आता दर्यावर जाणारी पोरं तिच्यावर शिकतात. माझ्या डोळ्यांनी पाहिलंय."

"तुम्ही तवा तिथं होता?" अण्णांनी विचारलं.

"तिथं नाही. जवळच होतो."

"किती जवळ?"

"समुद्रात त्याला जवळच म्हणतात," काका म्हणाले, आणि पोट धरून हसले.

आई मात्र हसण्यात नव्हती. तिनं तिकीट तळहातावर घेतलं होतं. "म्हंजे दत्तूचं जहाज हे न्हवंच," ती सावकाश म्हणाली. "मग मी हळद कुणाला लावली?" अण्णा म्हणाले, लागली ती लागली, ठेवून दे पुस्तकात. "असं कसं? एकदा वाहिलं ते वाहिलं. आता ते आपलंच झालं. बुडून वर आलंय बिचारं." तिसऱ्या प्रहरी मागच्या दारी खर्रखर्र सुरू झाली. मी अभ्यासाचं पुस्तक घेऊन तिच्या शेजारी जाऊन बसले आणि एक अक्षर वाचलं नाही.

माघात एकाच दिवशी मामाची तीन पत्रं आली. तिन्हींत मी खुशाल आहे, इथं भाकरी नाही. पुढच्या वर्षी तो स्वतः आला, गोरामोरा होऊन उभा राहिला आणि आईनं त्याच्या पाठीत एक धपाटा घालून मग त्याला पोटाशी धरलं. तिकिटाचं विचारलं तर म्हणाला, "अक्का, पोस्टातल्या बाईनं जे दिलं ते चिकटवलं. मला काय ठावं!" जाताना आईनं हळद-कुंकवाची पुडी आणि एक कवडी त्याच्या पेटीत ठेवली. त्या जहाजाला वाहायची. "अक्का, ते माझ्या वाटंवर न्हाय." "मग वाट वाकडी कर." मामानं पुढं अनेक समुद्र पाहिले, पण वाट काही वाकडी झाली नाही. नोकरी संपवून तो जळकोटला परतला तेव्हा पुडी पेटीत तशीच होती. आता तो बांधावर बसून सोयाबीनला पाणी देतो आणि दर खंडेनवमीला आईचे बोल खातो.

ती पुडी गेल्या वर्षी मी नेली. माझी मुलगी नोकरीसाठी तिकडच्याच एका देशात असते, आणि लोरेटाची माहिती तिनंच शोधून काढली. सावंतकाकांचं अर्धं खरं निघालं, आणि उरलेलं त्यांच्या गोष्टीपेक्षाही चांगलं. जहाज वर काढलं तेव्हा त्याला पाण्यातून पुढं ढकलणारा पंखा मोडलेला होता. नव्या पंख्यासाठी बेटावरच्या घराघरांतून पितळेची भांडी, कड्या, घंटा आल्या आणि त्या वितळवून तो ओतला. मी फोनवर हे आईला ओरडून सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मग बायकांनीच वर काढलं म्हन की. भांडी कुणाची असत्यात?"

मी त्या जहाजावर चढले. पोरांची शाळा केव्हाच बंद झाली आहे. आता ते धक्क्याला बांधलेलं असतं आणि लोक बघायला येतात. वाटलं होतं त्यापेक्षा लहान, आमच्या देवळाच्या महाद्वाराएवढंही उंच नाही. धुराडं खरोखरच लाल. पहारेकऱ्याची पाठ वळल्यावर त्याच्या बुडाशी, कुणाला दिसणार नाही अशा जागी, मी अंगठ्यानं हळद लावली, कुंकू लावलं. कवडी पाण्यात सोडली. मला रडू आलं, आणि माझ्या मुलीला हसू, आणि मग दोघींचं उलटं झालं. उतरताना शिडीजवळ पितळी पाटी दिसली. नाव, खाली जहाज बांधल्याचं साल, पुढं रेघ. आणि रेघेपुढं काहीच नाही. नुसतं घासून लख्ख केलेलं पितळ.

परतल्यावर मी थेट तुळजापूर गाठलं. आईच्या खाटेवर बसून सगळं सांगितलं. धुराडं, हळद, कवडी. तिनं एकच विचारलं, "आन सालं? दोन हायती का?"

"न्हाय, आई. एकच. फुडं मोकळं ठेवलंय."

तिनं आजोबांच्या फोटोकडं पाहिलं. आता त्याच्या शेजारी अण्णांचाही फोटो आहे. मग तिनं माझा हात धरला. हळदीचा पिवळेपणा माझ्या नखात अजून होता, तो तिनं बोटानं चाचपला.

"फ्रेमवाल्याला आत्ताच सांगून ठीव," ती म्हणाली. "माझ्या फोटूलाबी तसंच करायचं. रेघ मारायची, आन फुडं मोकळं."